अण्णांच्या मागाचा आवाज: एका विज्ञानमालिकेचं प्रकरण

ज्या मालिकेचं हे प्रकरण आहे ती अजून प्रदर्शित व्हायची आहे, म्हणून तिचं नाव इथे देत नाही. सोलापुरातल्या हौशी नाटकवाल्यांचा एक गट, सोबत कॉलेजातली काही मुलं, आणि सहा भागांची विज्ञानकथा. पहिला भाग चित्रित झाला, संकलित झाला, ओळखीच्या माणसांना एका हॉलमध्ये पडद्यावर दाखवला आणि पडला. कुणी वाईट बोललं नाही. दहाव्या मिनिटाला लोक मोबाईल काढून बघायला लागले, एवढंच. जमलेल्या वर्गणीतला निम्म्याहून जास्त पैसा त्या एका भागात संपला होता. आता दुसऱ्या भागाकडे जायचं, की पहिलाच पुन्हा करायचा, हा प्रश्न समोर होता. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता आणि तो जास्त अवघड निघाला: त्या भागात लोकांना मनापासून आवडलेली एकमेव गोष्ट ज्या माणसाने केली, त्याचा तिच्यावर हक्क काय?

गटात माझ्याकडे संहिता आणि हिशेब अशी दोन कामं आहेत. त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्याच वहीत येऊन बसले.

आधी कथा. सोलापूरच्या पूर्व भागातला चादरीचा एक बंद कारखाना. एका रात्री तिथला एक जेकार्ड माग आपोआप सुरू होतो आणि चादरीवर नेहमीची वेलबुट्टी न येता ठिपक्यांच्या विचित्र रांगा उमटायला लागतात. कार्ड पंचिंग करणाऱ्या घरातली एक मुलगी ते ठिपके ओळखते. ती नक्षी नसून निरोप असतो, पुढच्या शतकातल्या, पाणी संपलेल्या सोलापुरातून आलेला. आमच्या शहरात ही कल्पना कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पाणी किती दिवसांनी येतं हे इथे प्रत्येक घर सांगू शकतं, आणि जेकार्ड कार्डांची माळ मागावर लटकताना निम्म्या शहराने पाहिलेली आहे. कार्डाला भोक असेल तिथे हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. होय किंवा नाही, एवढ्याच भाषेत अख्खी चादर लिहिलेली असते. ज्याच्या नावाने हा माग ओळखला जातो त्या जाकारने फ्रान्समधल्या ल्याँ शहरात १८०४ च्या सुमारास हे यंत्र उभं केलं आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी याच कार्डांची कल्पना उचलली. म्हणजे संगणकाचा एक पूर्वज सोलापुरात आजही चादरी विणतोय. विज्ञानकथेला यापेक्षा चांगली जागा कुठली असणार?

तरीही भाग पडला. का पडला ते मुलीचं काम करणाऱ्या पोरीनेच नेमकं सांगितलं: "सर, माझ्यापेक्षा शिक्षकच जास्त बोलतात." खरं होतं. पहिल्याच भागात आम्ही विज्ञानाच्या शिक्षकाचं एक पात्र आणून त्याच्या तोंडून सगळं वदवून घेतलं होतं. काळ म्हणजे काय, निरोप मागे कसा येऊ शकतो, कोणत्या सालातून आलाय, सगळं. प्रेक्षकाला विचारायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

याच सुमारास मी गटासमोर १९६३ सालच्या एका मालिकेचा दाखला ठेवला. बीबीसीची 'डॉक्टर हू', यानात बसून काळातून फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या गूढ माणसाची. ती मधल्या खंडासह साठ वर्षांहून जास्त टिकली, हे सांगायला मी ती निवडली नाही. तिच्या पहिल्या काही महिन्यांतले निर्णय, खर्च आणि भांडणं यांची कागदोपत्री नोंद मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे, आणि आमचे दोन्ही प्रश्न तिथे जसेच्या तसे पडलेले दिसतात, म्हणून निवडली.

शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम संपला की तरुणांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू व्हायचा. मधल्या वेळात प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जायचे. ती फट बुजवायला घरातल्या सगळ्यांनी एकत्र बघावी अशी मालिका हवी होती. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन मूळचे कॅनडाचे, बीबीसीत नुकतेच आलेले. त्यांनी निर्मितीची जबाबदारी दिली व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्याकडे. वय २७, आणि तेव्हा त्या विभागातली एकमेव बाई निर्माती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौमध्ये जन्मलेले, तेव्हा चोविशीत. जुन्या मंडळींच्या इमारतीत एक तरुण बाई आणि एक भारतीय वंशाचा मुलगा, हातात लहान मुलांची म्हणून हिणवली गेलेली मालिका. त्यांच्या वाट्याला स्टुडिओही तसाच आला: लाइम ग्रोव्हचा 'डी' स्टुडिओ, अरुंद, जुन्या कॅमेऱ्यांचा आणि दिव्यांखाली भट्टीसारखा तापणारा. एका भागाला सुमारे २३०० पौंड. आठवडाभर तालीम, आणि शुक्रवारी संध्याकाळी जवळजवळ सलग चित्रण, कारण टेप कापून जोडणं महाग आणि किचकट होतं. नट शब्द विसरला तर तसाच पुढे रेटायचा. नाटकवाल्याला हे सांगायची गरज नाही; आमचं आयुष्यच त्यात जातं.

२७ सप्टेंबर १९६३ ला पहिला भाग चित्रित झाला. न्यूमननी तो पाहिला आणि नाकारला. यानाचं दार नीट मिटत नव्हतं, कॅमेऱ्याची हालचाल अडखळत होती, हे दोष तर होतेच. पण मोठा दोष माणसांत होता. विल्यम हार्टनेल यांचा डॉक्टर इतका कडवट होता की त्याच्याबरोबर कुणी प्रवासाला निघावं असं वाटलं नसतं, आणि त्याची नात सुझन फारच परकी वाटत होती. न्यूमननी लॅम्बर्ट आणि हुसेन यांना जेवायला नेलं, चुका एकेक करून सांगितल्या आणि पुन्हा करा म्हणाले. १८ ऑक्टोबरला तोच भाग, तीच नटमंडळी, बहुतेक तीच संहिता घेऊन पुन्हा उभा राहिला.

दोन्ही आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. मी त्या शेजारी शेजारी लावून गटाला दाखवल्या, आणि त्या संध्याकाळी माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त काम झालं. पहिल्या आवृत्तीत सुझन सरळ सांगते की तिचा जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला. दुसरीत ती दुसऱ्या काळातल्या, दुसऱ्या जगातल्या जन्माबद्दल बोलते आणि थांबते. आकडा गेला आणि कुतूहल वाढलं. पहिलीत ती वर्गात एकटीच असताना कागदावर शाईचा डाग पाडून त्यावर रेघा ओढते. विचित्र आहे, पण पुढे कुठे नेत नाही. दुसरीत ती फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक चाळते आणि मान हलवून म्हणते की हे चुकलंय. म्हणजे ही मुलगी तिथे असणार! एका वाक्यात सगळं पात्र उभं राहतं. डॉक्टरचे कपडेही बदलले. पहिल्या खेपेला साधा कोट-टाय होता, दुसऱ्या खेपेला जुन्या काळातल्या आजोबांचा पोशाख आला आणि स्वभावाला थोडा मिस्कीलपणा आला.

बैठकीत पहिला विरोध कॅमेरा सांभाळणाऱ्या पोराने केला, खास सोलापुरीत: "काय करूलालाव सर? पैसे कुठंयत?" त्याचा मुद्दा रास्त होता. बीबीसी तोटा सोसू शकणारी संस्था होती, आमच्यामागे फक्त वर्गणीदार होते. आणि तिथेही खर्चाची काळजी एवढी होती की ही मालिका चार भागांवरच थांबवावी असा विचार झाला होता. अखेर तेरा भागांना मान्यता मिळाली. मी वही काढली आणि पहिल्या भागाचा खर्च कुठे गेला ते वाचून दाखवलं. सगळ्यात मोठी रक्कम होती भाड्याच्या दिव्यांची आणि संगणकावर केलेल्या निळ्या प्रकाशझोतांची. लोकांच्या एकाही प्रतिक्रियेत त्या झोतांचा उल्लेख नव्हता. तीन-चार जणांनी मात्र एकच प्रश्न विचारला होता: "तो आवाज कशाचा होता?"

ठरलं. पहिला भाग पुन्हा करायचा, पण झोत नाहीत, शिक्षकाची भाषणं नाहीत, साल-शतक नाही. मुलगी ठिपक्यांची चादर हातात धरते आणि म्हणते, "कुणीतरी चुकीचं कार्ड लावलंय." मग स्वतःच पुन्हा बघते. इतकंच. शिक्षकाचं पात्र ठेवलं, पण त्याला काहीच कळत नाही असं केलं. तो नट दोन दिवस नाराज होता. पाठांतर अर्ध्यावर आल्यावर त्याचं काम चांगलं व्हायला लागलं, हे त्यालाही दिसलं.

आता त्या आवाजाकडे येतो, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

आम्ही ज्या कारखान्यात चित्रण केलं तिथले माग बंद होते, पण भिंतीपलीकडचे चालू. दिवसा संवाद घेणं अशक्य. म्हणून मालकाने रात्रीची वेळ दिली आणि सोबतीला आपला जुना जॉबर दिला, सगळे ज्यांना अण्णा म्हणतात ते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, वय साठीच्या पुढे, मागाची दुरुस्ती करण्यात आयुष्य गेलेलं. आमच्यासाठी एक माग चालता करून देणं एवढंच त्यांचं काम होतं आणि त्याची मजुरी ठरलेली होती. पहिल्या रात्री ध्वनी घेणाऱ्या मुलाने सहज म्हटलं, "अण्णा, हा माग बाकीच्या मागांसारखाच वाजतोय. हा वेगळा वाटला पाहिजे. म्हणजे तो कुठूनतरी लांबून येतोय असं."

अण्णांनी माग थांबवला. आडवा धागा वाहून नेणाऱ्या धोट्याला फटका मारणाऱ्या दांड्याचा चामडी पट्टा त्यांनी सैल केला, किती ते बोटांनी चाचपून. धाग्याची कांडी काढून रिकामा धोटा पेटीत ठेवला. पुन्हा खटका ओढला. धोटा आता नेहमीसारखा ठणकन न आदळता उशिरा आणि मऊ आदळत होता, आणि एका बाजूचा ठोका दुसऱ्या बाजूपेक्षा जड पडत होता. मग ते म्हणाले, "थांब," आणि मोटर बंद करून तिचा पट्टा हाताने फिरवायला लागले. माग श्वास घेत असल्यासारखा सावकाश चालू लागला. मुलाने तो आवाज लाकडी चौकटीला चिकटवलेल्या माइकवर घेतला, संगणकावर वेग निम्म्यावर आणला, म्हणजे स्वर एक सप्तक खाली गेला. आमच्या भविष्यातल्या यंत्राचा आवाज हा एवढाच. त्यावर पुढे काहीही करावं लागलं नाही.

मुलांना वाटत होतं आपण जुगाड केला. त्यांना मी सांगितलं की या जुगाडाला फार मोठी परंपरा आहे. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे तिच्या ध्वनिपरिणामांच्या कार्यशाळेत, ब्रायन हॉजसन यांनी डॉक्टरच्या यानाचा तो जगप्रसिद्ध आवाज आईच्या घराची किल्ली एका मोडक्या पियानोच्या जाड तारेवर घासून काढला होता आणि मग टेपवर त्याच्याशी खेळ केला होता. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहून दिली. तिला ध्वनी दिला डेलिया डर्बिशायर यांनी, डिक मिल्स यांच्या मदतीने. केंब्रिजमधून गणित आणि संगीत शिकलेली ही बाई. तेव्हा सिंथेसायझर हाताशी नव्हता. छेडलेल्या एका तारेचा आवाज, यंत्रांच्या चाचणीसाठी वापरले जाणारे, एकसुरी आवाज काढणारे ऑसिलेटर, पांढरा कोलाहल म्हणजे रेडिओच्या खरखरीसारखा आवाज. प्रत्येक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करून, हवा तसा वर-खाली करून, टेपचा तेवढा तुकडा मोजून कापायचा आणि पुढच्याला चिकटवायचा. एकाच टेपवर अनेक आवाज शेजारी शेजारी घेणारं बहुपट्टी मुद्रण नव्हतं, म्हणून वेगवेगळी टेपयंत्रं एकाच क्षणी सुरू करून मेळ साधायचा. ग्रेनरनी ते ऐकलं तेव्हा आपणच हे लिहिलं का असा प्रश्न त्यांना पडला. त्यांना डर्बिशायर यांचं नाव सहरचनाकार म्हणून द्यायचं होतं. संस्थेच्या नियमात ते बसलं नाही, कारण वर्कशॉपमधली माणसं नावाने ओळखली जात नसत. डर्बिशायर २००१ मध्ये गेल्या. पडद्यावर त्यांचं नाव श्रेयनामावलीत आलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी.

हे मी सांगत होतो तेव्हा अण्णा कोपऱ्यात पट्टा पुन्हा घट्ट करत होते. आमच्या पहिल्या भागाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं. 'विशेष आभार' मध्ये कारखान्याच्या मालकाचं होतं.

प्रश्न उघडा पडला तो पुन्हा केलेला भाग तयार झाल्यावर. या वेळी लोकांनी शेवटपर्यंत पाहिला आणि पुन्हा तोच प्रश्न आला, आवाज कशाचा. त्या प्रेक्षकांत जाहिराती बनवणारे एक गृहस्थ होते. टॉवेलच्या जाहिरातीसाठी तो आवाज हवा, पैसे देतो म्हणाले. रक्कम अशी होती की आमचा दुसरा आणि तिसरा भाग त्यात निघाला असता. गटाला आनंद झाला. निम्मे सदस्य तिथेच हो म्हणून मोकळे झाले. मी विचारलं, आणि अण्णा? एकाने उत्तर दिलं ते इथे लिहितो, कारण तो वाईट माणूस नाही आणि हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी दिलं असतं: "त्यांना मजुरी दिली की. वर शाल-श्रीफळ देऊ."

मी गटाला डालेकची, म्हणजे डॉक्टर हूमधल्या यंत्रासारख्या राक्षसाची, गोष्ट सांगितली. डॉक्टर हूची दुसरी कथा टेरी नेशन यांची. न्यूमनना मालिकेत डोळे वटारलेले राक्षस नको होते, आणि विभागातल्या वरिष्ठांना ही संहिता मुळीच आवडली नव्हती. पण दुसरी संहिता तयार नव्हती, म्हणून ती करावी लागली. तिच्याही पहिल्या भागाचं चित्रण पुन्हा करावं लागलं, कारण कानातल्या यंत्रांतून येणाऱ्या दिग्दर्शनाच्या सूचना ध्वनिमुद्रणात उतरल्या होत्या. २१ डिसेंबर १९६३ ला भागाच्या शेवटी पडद्यावर डालेकचा फक्त एक हात दिसला. पूर्ण डालेक दिसला पुढच्या शनिवारी. २३ नोव्हेंबरला, केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, काही ठिकाणी घरांतली वीज गेलेली असताना सुरू झालेली ही मालिका ४४ लाख प्रेक्षकांवर होती. डालेकची कथा फेब्रुवारीत संपली तेव्हा प्रेक्षक १ कोटीच्या पुढे गेले होते. मालिका वाचली ती या यंत्राने.

त्या यंत्राला रूप दिलं रेमंड कुसिक यांनी. आत माणूस आहे हे कळू नये, म्हणून पाय झाकलेला आणि जमिनीवर घसरत जाणारा आकार. आत नट बसून पायाने ढकलत न्यायचा. चारच बनवले होते, गर्दी दाखवायला मागे डालेकचे मोठे केलेले फोटो उभे केले. आवाज यांत्रिक वाटावा म्हणून त्याला रिंग मॉड्युलेटर हे उपकरण लावलं. सगळ्या जगाने जो आकार ओळखला तो कुसिकच्या कागदावरचा. पण नेशन बाहेरचे लेखक होते, त्यांच्या एजंट बेरिल व्हर्ट्यू यांनी करारात डालेकवरचा त्यांचा हक्क राखून ठेवला होता. खेळणी आली, पुस्तकं आली, सिनेमे आले, आणि नेशन श्रीमंत झाले. कुसिक पगारी नोकर. त्यांना संस्थेने मेहेरबानी म्हणून सुमारे १०० पौंड एकदाच दिले. यात नेशन यांनी काही लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्यांच्या बाजूने कागद नीट लिहिणारं माणूस होतं, कुसिकच्या बाजूने नव्हतं.

अण्णांच्या बाजूने कोण होतं? कुणीच नव्हतं. आणि इथे कायदाही त्यांच्या फार मदतीला येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. म्हणजे मुद्रण ज्याने घडवून आणलं तो, आमच्या बाबतीत गट. मागातून तो आवाज काढणारा हात त्या व्याख्येत आपोआप येत नाही. त्याला कलावंत म्हणावं का, यावर वकील वाद घालू शकतील, पण अण्णा कोर्टात जाणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. 'कायद्याने आपलंच आहे' हे वाक्य बैठकीत दोनदा आलं ते या भरवशावर. मला त्या वाक्याचा राग आला आणि मी तो दाखवला. ज्या शहरात गिरण्या बंद पडल्यावर हजारो कामगार आपला हिशेब मिळायची वाट बघत राहिले, त्या शहरातल्या नाटकवाल्यांनी जॉबरला शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हायचं?

वाद त्या दिवशी मिटला नाही. एका सदस्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला: अण्णांना हिस्सा दिला, तर उद्या कार्ड पंच करून देणारं घर येईल, शिवणारी बाई येईल, मग गट चालवायचा कसा? यावर बराच खल झाला. शेवटी जो निकष निघाला तो असा: सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे केलं तर मजुरी. पण सांगणाऱ्याच्या डोक्यात जे नव्हतं ते करणाऱ्याने दिलं आणि ते मालिकेत राहिलं, तर नाव आणि हिस्सा. माग चालू करा एवढंच आम्ही सांगितलं होतं. पट्टा सैल करायचा, कांडी काढायची, मोटर बंद करून हाताने चालवायचं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात नव्हतं.

करार स्टॅम्प पेपरवर झाला, मराठीत. कायद्याने हक्क हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं मानलं जातं. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहिले. आवाज मालिकेबाहेर कुठेही वापरला तर अण्णांची संमती लागेल, त्यांचं नाव द्यावं लागेल, आणि येणाऱ्या पैशाचा निम्मा भाग त्यांचा. मालिकेत त्यांचं नाव ध्वनीच्या पाटीवर, मुद्रण करणाऱ्या मुलाच्या नावाआधी. त्या मुलाने हे स्वतःहून सुचवलं, हे नोंदवलं पाहिजे.

अण्णांनी करार सुनेकडून वाचून घेतला आणि एक बदल मागितला. त्या रात्री दिवा धरणारा आणि बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, बसवायला मदत करणारा, असे दोन कामगार होते. त्यांची नावं पाटीवर नसतील तर आपलंही नको. नावं घातली.

जाहिरातवाल्या गृहस्थांना कराराची अट सांगितली. पैसे वाटून देण्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण नाव देण्याची अट त्यांना मान्य नव्हती. जाहिरातीत असं कुणाचं नाव जात नाही म्हणाले. व्यवहार तिथेच संपला. दुसऱ्या-तिसऱ्या भागाचा पैसा गेला. गटातल्या एका जुन्या सदस्याला हे पटलं नाही आणि त्याने काम सोडलं. त्याची बाजू अशी की तत्त्व सांभाळताना मालिकाच राहून गेली तर अण्णांचं नाव कुठल्या पाटीवर येणार? हा प्रश्न खोटा नाही. मी तरीही करारावर ठाम आहे, कारण पहिल्या पैशाच्या वेळी जे ठरतं तेच पुढे रीत होऊन बसतं; डर्बिशायर यांच्या बाबतीत ती रीत बदलायला पन्नास वर्षं गेली.

पैशाची वाट आम्ही पुन्हा त्याच जुन्या उदाहरणातून काढली. डॉक्टर हूला तेरा भागांची मान्यता होती; चार आणि सात असे अकरा भाग भरले, दोन उरले, आणि नव्या देखाव्यांना पैसा नव्हता. संहिता-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी घाईघाईने दोन भागांची कथा लिहिली. नवा देखावा नाही, पाहुणा नट नाही. यानाच्या आत अडकलेली चार माणसं आणि त्यांचा एकमेकांवरचा संशय. आमचा दुसरा भाग आता तसाच आहे. एक रात्र, कारखान्यातली एक खोली, मुलगी आणि तिचे वडील, आणि पलीकडून येणारा मागाचा आवाज. वडिलांना तो ऐकू येत नाही. या भागाचा खर्च पहिल्याच्या मानाने अगदी किरकोळ झाला. तिसऱ्या भागात भविष्यातलं शहर दाखवायचं होतं, त्यासाठी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्यांचे दिवे रात्री लांबून, धूसर करून टिपले.

एक गोष्ट मात्र आम्ही मुद्दाम उलटी केली. साठच्या दशकातले डॉक्टर हूचे नव्वदहून जास्त भाग आज चित्ररूपात सापडत नाहीत. टेप महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, आणि चित्रफितीही टाकून दिल्या गेल्या. हुसेन यांनी मुख्यतः दिग्दर्शित केलेली मार्को पोलोची सात भागांची कथा पूर्ण गेली. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. आमच्या मुद्रणाची मूळ, वेग न बदललेली प्रत तीन ठिकाणी ठेवली आहे: गटाकडे, ध्वनी घेणाऱ्या मुलाकडे आणि अण्णांच्या नातवाच्या संगणकावर. प्रत्येक प्रतीसोबत तारीख, मागाचा प्रकार, काय सैल केलं आणि कुणी, याची टीप आहे. ती टीप अण्णांनी सांगितली आणि नातवाने टाइप केली.

चौथ्या भागापासून हाच करार कार्ड पंच करणाऱ्या घराशीही केला आहे. चादरीवरचे ठिपके आम्ही कसेही मांडणार होतो. त्या घरातल्या बाईंनी सांगितलं की अशी कार्डं लावली तर कापड विणलं जाणार नाही, धागे लोंबत राहतील, आणि खरोखर विणता येईल अशी मांडणी करून दिली. ती चादर आता विणून झाली आहे आणि चौथ्या भागात तीच वापरणार आहोत.